विषय: पंचवटीतली घंटा वाजता वाजत नाही

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या कार्यक्रमासाठी मुलांचं ते एकातून एक हलणारं यंत्र नाशकात जुळवून बघते, असं मीच कबूल करून बसले होते. पंचवटीत आईकडे येऊन आठ दिवस झाले. भाचे आणि शेजारची पोरं मिळून सात जणांची फौज आहे. वीस टप्पे बसवलेत. कठड्याला बांधलेल्या पाइपातून गोटी सुटते, वह्यांच्या रांगा पडतात, लाटणं घरंगळतं, कप्पीवरून तांब्या खाली येतो, असं करत शेवटी भांडी बाजारातून आणलेली पितळी घंटा वाजायची. काल 25 वेळा चालवलं. घंटा वाजली 8 वेळा. पोरं रडकुंडीला आलीत आणि आई म्हणते, माझं लाटणं परत दे.

सातपूरवाले काका, वाचताय ना?

— पंचवटीहून

*

अगं, 8 म्हणजे वाईट नाही! गुणाकार करून बघ. एकेक टप्पा शंभरात 95 वेळा बरोबर चालतो असं धरलं तरी वीस टप्पे ओळीने पार पडायची शक्यता 0.95 चा विसावा घात, म्हणजे जेमतेम 36 टक्के. टप्पागणिक 99 वर नेलंस तर 82 टक्के. कारखान्यात शॉपवर नव्या पोरांना हे पटवताना माझा घसा बसायचा. सुटा भाग चांगला म्हणून अख्खी लाइन चांगली, असं नसतं.

दुसरं, गोटीकडून हमाली करून घेऊ नका. काचेची साधी गोटी साधारण 5 ग्रॅमची. मीटरभर खाली आली तर तिच्याकडे 0.05 ज्यूल ऊर्जा. त्यात अर्धा किलोचा तांब्या एक सेंटिमीटर उचलला जाईल, तोही घर्षणाने काहीच खाल्लं नाही तर. उंदराचा सापळा आठव. उंदीर स्प्रिंग दाबतो का? तो नुसती खिटी हलवतो, जोर तू आधीच ताणून ठेवलेला असतोस. प्रत्येक टप्प्याने पुढच्याची खिटी काढायची, बस्स. वजन वर टांगायचं काम पोरांनी अगोदर करायचं. स्थितिज ऊर्जा फळ्यावर लिहून कळत नाही, तांब्या दहा वेळा वर चढवला की हाताला कळते.

— सातपूरवाले काका, सध्या मेलबर्न

*

खजिनदाराचा भाबडा प्रश्न: घंटा हाताने वाजवता येते ना? हॉलचं भाडं तासावर आहे.

*

खजिनदारसाहेब, हाताने वाजवता येते हाच तर विनोद आहे. ज्याच्या नावाने ही यंत्रं ओळखली जातात तो रूब गोल्डबर्ग व्यंगचित्रकार होता. पण 1904 साली बर्कलीहून इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी-सांडपाणी खात्यात काही महिने काढून पळालेला. सोपं काम अवघड करणारी यंत्रं त्याने कागदावर काढली. पर्ड्यू विद्यापीठात 1949 पासून विद्यार्थी तसली खरीखुरी बनवून स्पर्धा लावायला लागले. भाड्याचं म्हणाल तर जुळवाजुळवीला तीन तास धरा.

— काका

*

काका, गुणाकार बरोबर, पण तुमचे 95 सगळीकडे नव्हते.

मोठ्या भाच्याने वही केली. कोण चुकलं ते नाही लिहायचं, कितव्या टप्प्यावर अडलं तेवढंच. (हा नियम केल्यावर भांडणं निम्मी झाली.) 17 अपयशांतली 9 सातव्या टप्प्यावर, 6 तेराव्यावर, उरलेली दोन इकडेतिकडे. सातवा म्हणजे पुठ्ठ्याचा उतार. इथे गेले चार दिवस रिपरिप चालू आहे, पुठ्ठा सादळून पोक काढतो आणि गोटी मध्येच बसते. तिथे जुन्या सरकत्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी टाकली. तेराव्यावर लोकरीचा धागा होता. ओढ बसली की धागाच लांबायचा, खिटी जागची हलायची नाही. आता सायकलच्या ब्रेकची तार लावली आहे. बाकी अठरा टप्प्यांना हातसुद्धा लावला नाही. धाकटा सगळंच उकलून नव्याने करायला निघाला होता, त्याला तुमचा सापळा सांगून बसवला.

आज परत 25 वेळा चालवलं. 21 वेळा वाजली! चारातलं एक अपयश मात्र आमच्या बोक्याने नवव्या टप्प्यावर अंग टाकल्यामुळे. पोरं म्हणतात तो धरायचा नाही. धरायचा का?

*

धर. हॉलमध्ये बोका नसेल, दोन वर्षांची पोरं असतील.

— काका