गरिबांना घरं दिली म्हणून अमेरिका बुडाली? मला हे पटत नाही

ओहायोचा_पाहुणा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात भाच्याच्या मुंजीला सांगलीला गेलो होतो. पंगतीत गृहकर्जाचा विषय निघाला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका मठ्ठ्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, "अमेरिका २००८ ला का बुडाली? ऐपत नसलेल्यांना घरं वाटली म्हणून." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुंजीत वाद नको म्हणून मी आणखी एक जिलबी मागून घेतली. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

२००५ ते २००८ मी कंपनीच्या कामानिमित्त क्लीव्हलंडला होतो. तिथे स्लाव्हिक व्हिलेज नावाचा भाग आहे. पोलाद कारखान्यांतल्या चेक आणि पोलिश कामगारांनी वसवलेली ती वस्ती, लाकडी घरं, पुढे छोटा व्हरांडा. २००७ मध्ये देशात सगळ्यात जास्त जप्त्या होणाऱ्या भागांत तिचं नाव होतं. रिकाम्या घरांतून चोर तांब्याच्या नळ्या आणि भिंतींवरचे ॲल्युमिनियमचे पत्रे उपटून नेत.

आता मजा बघा. क्लीव्हलंडमध्ये घरांच्या किमतींचा फुगा असा नव्हताच. १९५० मध्ये नऊ लाखांवर असलेली लोकसंख्या २००० पर्यंत पाच लाखांच्या आत आलेली, तिथे भाव चढणार कुठून? कर्ज घेणाऱ्यांत घर आधीपासूनच मालकीचं असलेली म्हातारी माणसंही होती. छप्पर गळतंय, हीटर बदलायचाय, दवाखान्याचं बिल थकलंय. दलाल दारावर यायचा आणि घर पुन्हा गहाण पडायचं.

कर्जाची बांधणी बघा. त्याला म्हणायचे २/२८. तीस वर्षांतली पहिली दोन वर्षं व्याजदर पक्का, पुढची अठ्ठावीस वर्षं दर सहा महिन्यांनी बदलता, लायबोरवर (बँका एकमेकींना ज्या दराने उसने देत तो दर) आणखी पाच-सहा टक्के. १,८०,००० डॉलरचं कर्ज धरा. ८ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता १,३२० च्या आसपास बसतो. दोन वर्षांनी दर ११ वर गेला की १,७००. पगार तेवढाच. हे देणाऱ्याला पहिल्या दिवशी ठाऊक असतं. मग तो देतो कशाला? कारण दोन वर्षांनी कर्जदाराने परत येऊन नवं कर्ज काढावं, पुन्हा फी भरावी, जमल्यास मुदतीआधी फेडल्याचा दंडही भरावा, हीच योजना. आणि नवं कर्ज मिळणार घराची किंमत चढली असेल तरच. म्हणजे हे कर्ज माणसाच्या पगारावर दिलेलंच नव्हतं, घराच्या उद्याच्या किमतीवर दिलेलं होतं. सट्टा सावकाराचा होता. गरिबाची फक्त सही होती.

परखड_परशा

शेवटचं वाक्य टाळ्यांचं आहे, पण हिशोब सोडून देणारं आहे.

सही "फक्त" नसते हो. 'उत्पन्न सांगा, पुरावा नको' अशी कर्जं सर्रास दिली जायची. तिथल्याच लोकांनी त्यांना 'लायर लोन' नाव ठेवलं. आता उत्पन्नाच्या रकान्यात आकडा दलालाने फुगवला असेल, मान्य. पण खाली सही करणाऱ्याला स्वतःचा पगार माहीत नसतो का?

दुसरं, सरकार. १९९५ मध्ये क्लिंटन यांनी घरमालकी वाढवण्याचं राष्ट्रीय धोरण आणलं. २००३ मध्ये बुश यांनी गरिबांना डाउन पेमेंटसाठी मदत देणारा कायदा केला. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्या. त्यांनी घेतलेल्या कर्जांपैकी अमुक टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नवाल्यांची हवीत, असं लक्ष्य सरकारच ठरवून द्यायचं. १९९६ मध्ये ते ४० टक्के होतं, २००८ साठी ५६. वरून असा रेटा आल्यावर खालचा माणूस निकष सैल करणारच. १९९४ मध्ये ६४ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात होती, २००४ मध्ये ६९. हे पाच टक्के आले कुठून?

माझे वडील गिरणीत होते. संपानंतर डोंबिवलीत वन रूम किचन घ्यायचं ठरवलं, पण पैसे जुळेनात म्हणून चार वर्षं थांबले. आम्ही सहा जण दहा बाय बाराच्या खोलीत. त्यांनाही कोणी 'दोन वर्षं कमी हप्ता, पुढचं पुढे बघू' म्हणालं असतं तर? ते नाही म्हणाले असते असं मला वाटतं. अंथरूण पाहून पाय पसरणं हे काही फक्त श्रीमंतांना शिकवायचं नसतं.

शेरेबाज

पंगतीतली जिलबी संपली का? की तीही रिफायनान्स केली?

ओहायोचा_पाहुणा

@शेरेबाज, दोन वर्षांनी हप्ता वाढेल तेव्हा कळवतो.

@परशा, वडिलांबद्दल आदर आहेच. पण ते नाही म्हणाले असते हे तुम्ही आज म्हणताय. समोर टाय लावलेला माणूस, हातात शंभरेक पानांचा गठ्ठा, "काका, सगळेच करतात" म्हणतोय. आपल्यापैकी किती जण गृहकर्जाचा करार पूर्ण वाचतात? मी नाही वाचला.

सरकारी रेट्याचं बोलू. १९७७ चा कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायदा बँकांना गरीब वस्त्यांत कर्ज द्यायला भाग पाडतो, तोच मूळ दोषी, असंही नेहमी सांगितलं जातं. तुम्ही ते म्हणाला नाहीत, पण पंगतीतले काका तेच म्हणत होते. संकटाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने जानेवारी २०११ च्या अहवालात लिहिलंय की महागड्या व्याजाच्या कर्जांपैकी जेमतेम ६ टक्क्यांचा त्या कायद्याशी संबंध होता. बाकी धंदा न्यू सेंच्युरी, अमेरिक्वेस्ट यांच्यासारख्या कंपन्यांचा. त्या ठेवी घेणाऱ्या बँकाच नव्हत्या, त्यामुळे तो कायदा त्यांना लागूच नव्हता. वॉल स्ट्रीटकडून पैसे उचलायचे, कर्ज द्यायचं, गठ्ठा बांधून वॉल स्ट्रीटलाच विकायचा. पतमानांकन संस्था त्या गठ्ठ्याच्या मोठ्या भागावर ट्रिपल ए चा, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असल्याचा, शिक्का मारायच्या, आणि शिक्क्याची फी देणार कोण, तर रोखे विकणाराच. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

आणि ते पाच टक्के? सबप्राइम, म्हणजे पत कमी असलेल्यांना चढ्या व्याजाने दिलेल्या कर्जांपैकी निम्म्याहून जास्त घर घेण्यासाठी नव्हतीच, आधीपासून असलेल्या घरावर नव्याने काढलेली होती. त्यांनी घरमालकी वाढत नाही, असलेली जाते.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. दलालाला जास्त व्याजाचं कर्ज गळ्यात मारल्याबद्दल वेगळी बक्षिसी मिळायची. माणूस ६ टक्क्यांच्या कर्जाला पात्र असला, आणि त्याला ७.५ चं दिलं, तर फरकातला वाटा दलालाला. म्हणजे चांगलं कर्ज मिळू शकणाऱ्यालाही वाईट दिलं जायचं. डिसेंबर २०११ मध्ये न्याय खात्याने कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीशी ३३.५ कोटी डॉलरची तडजोड केली. आरोप असा की दोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांकडून जास्त पैसे उकळले, आणि त्यांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांना लायकी असून सबप्राइममध्ये ढकललं. त्यांनी कुठलं अंथरूण पाहायचं होतं?

वाळवंटातला_वड

बरीच वर्षं हे कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

तुम्ही दोघं गरिबांबद्दल भांडताय. मी गरीब नव्हतो. ॲरिझोनातल्या फिनिक्सला आयटीत होतो, क्रेडिट स्कोअर ७६०, म्हणजे पत उत्तम. २००५ मध्ये आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपली की प्रसाद हातात घेऊन सगळे घरांच्या भावांवर बोलायचे. कोणी तीन महिन्यांत चाळीस हजार कमावले, कोणी घर बांधून व्हायच्या आत विकलं. मी राहत्या घराशिवाय आणखी दोन घेतली. त्यांतल्या एकाच्या अर्जावर "स्वतः राहणार" अशी खूण केली, कारण गुंतवणुकीच्या घराला व्याज जास्त पडायचं. खोटं होतं ते. दलालाने सुचवलं, पण खूण माझ्या हाताची.

एकाचं कर्ज 'हवा तेवढा हप्ता भरा' छापाचं. सगळ्यात कमी हप्ता व्याजाहूनही कमी. उरलेलं व्याज मुद्दलात जमा. मी दर महिन्याला कर्ज फेडत होतो आणि दर महिन्याला ते वाढत होतं. इंजिनिअर माणूस, एक्सेलमध्ये सगळं दिसत होतं. भाव वाढताहेत तोवर चाललंय म्हणून बघितलं नाही.

फिनिक्सचे भाव २००६ च्या शिखरावरून २०११ पर्यंत निम्म्याहून खाली आले. २००८ च्या शेवटी मी ती दोन्ही घरं सोडून दिली. ॲरिझोनात अडीच एकरांपर्यंतच्या साध्या राहत्या घराचं कर्ज असेल तर लिलावानंतर उरलेली रक्कम बँक सहसा तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. स्कोअर गेला, बाकी काही नाही. आमच्या गणपतीतल्या चौघांनी तरी हेच केलं.

न्यूयॉर्क फेडच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, फेडरल रिझर्व्हची, तिथली शाखा) संशोधकांनी नंतर दाखवलं की २००६ मध्ये घरखरेदीसाठी दिलेल्या कर्जांपैकी एक तृतीयांशाहून जास्त कर्ज आधीच घर असलेल्यांनी उचललं होतं. तो आकडा वाचला तेव्हा मला आमचा सत्यनारायण आठवला, प्रत्येक घराचा वेगळा घातला होता.

हप्तेवसूल

वडराव, लिहिलंत हे बरं केलंत.

मी पिंपरी-चिंचवडला गृहकर्ज बघतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे भाजीवाला, इस्त्रीवाला, टपरीवाला. पगाराची स्लिप नाही, आयकर विवरण नाही. अमेरिकन भाषेत सगळे सबप्राइम. आम्ही काय करतो? टपरीवर दुपारी जाऊन अर्धा तास बसतो आणि चहाचे कप मोजतो. दुधाची पिशवी किती लागते ते विचारतो. शेजारणीला विचारतो. भिशीचा हप्ता चुकतो का ते बघतो. ऐपत कागदावर नसणं आणि ऐपतच नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक बघायला वेळ लागतो, चपला झिजतात. अमेरिकेतल्या कर्ज देणाऱ्यांनी तेवढंच टाळलं, असं मला वाटतं.

आणि आमच्याकडे घराची चावी बँकेला टपालाने पाठवून कर्जातून सुटका नाही. घर विकून भागलं नाही तर उरलेलं कर्जदाराच्या मानगुटीवर राहतंच. माणूस बायकोचं मंगळसूत्र मोडेल पण हप्ता भरेल. हे चांगलं की वाईट, ते वसुलीला जाऊन बघा.

टीझर दरांचा, म्हणजे सुरुवातीला कमी आणि पुढे वाढणाऱ्या व्याजाचा, मोह आपल्याकडेही २००९ मध्ये आला होता. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१० मध्ये अशा कर्जांसाठी बँकांनी बाजूला ठेवायची तरतूद ०.४ वरून २ टक्क्यांवर नेली आणि उत्साह ओसरला. पण आपण धुतल्या तांदळासारखे आहोत असं समजू नका. इथलाही एजंट वाटलेल्या कर्जावर पैसे मोजतो, फिटलेल्यावर नाही.

परखड_परशा

वडांच्या प्रतिसादानंतर थोडा वेळ गप्प बसलो. त्यांनी माझाच मुद्दा मांडलाय असं मला वाटतं: खूण माझ्या हाताची. श्रीमंतालाही तो लागू, हे कबूल. काकांचं 'फक्त गरीब' मी सोडून देतो.

पण पाहुणे, तुम्ही पुढचं पान उलटत नाही. संकटानंतर काय झालं? बँकांना वेसण घालणारा २०१० चा डॉड-फ्रँक कायदा, आणि जानेवारी २०१४ पासून परतफेडीची ऐपत तपासणं सक्तीचं. छान. पण त्याआधीच बँकांनी दारं इतकी घट्ट लावली होती की थोडा कमी स्कोअर असलेला, पण नियमित भाडं भरणारा माणूस बाहेरच राहिला. भाव तळाला होते, म्हणजे गरिबाने घर घ्यायची खरी वेळ तीच. तेव्हा घेतली कोणी? ब्लॅकस्टोनसारख्या बड्या गुंतवणूक कंपन्यांनी. २०१२ पासून हजारो घरं विकत घेतली, त्याच फिनिक्समध्ये, आणि भाड्याने दिली. फुग्यात गरिबाला महाग घर मिळालं, फुगा फुटल्यावर स्वस्त घरही मिळालं नाही. 'सावकारच लबाड' म्हणत कर्जच बंद केलं की फायदा रोकड असणाऱ्याचा होतो.

ओहायोचा_पाहुणा

हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, आणि नाइलाजाने नाही. जोखीम घेऊन गरिबाला कर्ज देणं आणि गरिबाला जोखमीचं कर्ज देणं या दोन गोष्टी आहेत. हप्तेवसूल पहिली करतात. तिथे दुसरी झाली, आणि शिक्षा म्हणून पहिलीही बंद पडली.

मात्र 'कोणालाच दिसलं नाही' असं कुणी म्हणू नये. फेडरल रिझर्व्हचेच एक गव्हर्नर एडवर्ड ग्रॅमलिक यांनी २००० च्या सुमाराला या कर्ज कंपन्यांची तपासणी करा म्हणून फेडचे तेव्हाचे प्रमुख ग्रीनस्पॅन यांना सुचवलं होतं. झालं नाही. नॉर्थ कॅरोलायनाने १९९९ मध्येच लुबाडणुकीच्या कर्जांविरुद्ध कायदा केला. जॉर्जियाने २००२ मध्ये कडक कायदा केला, तर मानांकन संस्थांनी तिथल्या कर्जांच्या रोख्यांना मानांकन द्यायलाच नकार दिला आणि काही महिन्यांत राज्याला कायदा मवाळ करावा लागला. फेडने असे नियम केले जुलै २००८ मध्ये. न्यू सेंच्युरी त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्येच दिवाळखोरीत गेली होती. वरात निघून गेल्यावर बँडवाले आले.

दुपारचा_चहा

इतके आकडे वाचून एक साधा प्रश्न पडला. वडदादा, तुम्ही दोन घरं सोडलीत, तुमचा स्कोअर गेला. पण ती घरं रिकामी होती का? भाड्याने दिली असतील ना?

वाळवंटातला_वड

एक रिकामं होतं. दुसऱ्यात एक मेक्सिकन कुटुंब राहायचं. नवरा छपरं घालायचा, बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात. भाडं दर महिन्याच्या एक तारखेला, एकदाही चुकलं नाही. मी बँकेला हप्ता देणं थांबवल्यावरही चार महिने त्यांचं भाडं घेत होतो.

लिलाव झाल्यावर भाडेकरूला नव्वद दिवसांची मुदत देणारा केंद्राचा कायदा मे २००९ मध्ये आला. आमचा लिलाव फेब्रुवारीत झाला. त्यांना मी आधी सांगितलं नव्हतं. दारावर चिकटवलेल्या नोटिशीवरून कळलं त्यांना.