जागतिक भान फक्त परिपाठापुरतं न राहता अख्ख्या शाळेचं कसं करायचं?

प्रश्न : सहशिक्षिका, करवीर

नमस्कार. शाळा पाचवी ते दहावी, 14 शिक्षक. जागतिक भान, जबाबदारी म्हटलं की सध्या 24 ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्र दिन, एक भित्तिपत्रक आणि परिपाठात दोन भाषणं, एवढंच होतं. हे सगळ्या विषयांत आणि शाळेच्या रोजच्या कारभारात उतरवायचं आहे. जादा तासिका मिळणार नाही, पोर्शनच पुरत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर 1 : मुख्याध्यापक

मॅडम, जादा तासिका मागूच नका. जूनमध्ये वार्षिक नियोजन लिहितानाच प्रत्येक विषयशिक्षकानं आपल्या पुस्तकातला एक घटक निवडावा आणि तो जगाशी कुठं जोडला जातो ते एका ओळीत लिहावं. मग सगळ्यांचं मिळून एका कार्डशीटवर मांडा : उभ्या इयत्ता, आडवे विषय. बहुतेक वेळा प्लास्टिकबंदी चार इयत्तांत येते, आणि स्थलांतर, व्यापार, शांतता यांचे रकाने कोरे राहतात. ते कोरे रकाने भरणं हेच वर्षाचं काम.

शाश्वत विकासाची 17 ध्येयं संयुक्त राष्ट्रांत 2015 मध्ये ठरली. ती सगळी एकाच वर्षात घ्यायला गेलं की 17 तक्ते भिंतीवर लागतात आणि काम तिथंच थांबतं. वर्षाला दोन पुरेत.

आणि हे एकाच हौशी शिक्षकाच्या गळ्यात घालू नका. त्याची बदली झाली की उपक्रम संपतो. तिघांची समिती करा, त्यात एक शिक्षकेतर कर्मचारी हवाच.

उत्तर 2 : भूगोल शिक्षक, शिरोळ

जग दाखवायला कोल्हापूरबाहेर जावं लागत नाही. जून ते सप्टेंबर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज फळ्यावर लिहा. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. आलेख गणितात काढायचा. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथून कर्नाटक, तेलंगणा, आंध्र आणि बंगालचा उपसागर, हा प्रवास भूगोलात. नंतर कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणावर चर्चा घ्या : अर्धा वर्ग शिरोळचा शेतकरी, अर्धा बागलकोटचा. पंधरा मिनिटांनी बाजू बदलायला लावायच्याच. नाहीतर 'आमचं पाणी, तुमचं धरण' असं भांडण होतं आणि कुणी काही शिकत नाही.

इतिहासासाठी कोल्हापूरजवळचं वळिवडे गाव घ्या. दुसऱ्या महायुद्धात 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथं राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. निर्वासित म्हणजे टीव्हीवरचे लांबचे लोक, ही समजूत यानं लगेच मोडते. कोल्हापुरी चप्पलही चांगला विषय आहे. तिचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचं आहे. कलेवर हक्क कुणाचा आणि कारागिराच्या हाती किती पडतं, हे प्रश्न आठवीच्या मुलांनाही नीट पेलतात.

उत्तर 3 : शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

वर्गात पाणीबचत शिकवायची आणि व्हरांड्यातला नळ गळत ठेवायचा, हे मुलं बरोबर हेरतात. गळत्या नळाखाली 10 मिनिटं मोजपात्र ठेवा, आलेल्या आकड्याला 144 नं गुणा. 100 मिली आलं तर दिवसाला 14.4 लिटर. हा आकडा मुलांनीच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडावा आणि वायसर बदलल्यावर पुन्हा मोजावा. पोषण आहारात ताटात उरलेलं अन्न सलग सहा दिवस वजन करा, पण कुठल्या मुलानं टाकलं ते लिहू नका. नावं आली की मुलं अन्न लपवतात.

शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच करते. उपक्रम त्या आराखड्यात लिहून घ्या, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी टिकतो.

गरीब देशांसाठी डबा फिरवून पैसे गोळा करणं मात्र टाळा. त्यातून कीव शिकली जाते, समज येत नाही.

प्रश्नकर्त्या : सर्वांचे आभार. मूल्यमापन कसं करायचं? गुण द्यायचे का?

उत्तर 1 : गुण नकोत, मुलं छापील उत्तरं देऊ लागतात. जूनमध्ये एकच प्रश्न द्या : 'तुझ्या अंगावरचा शर्ट तुझ्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आला?' पंधरा मिनिटं, नाव न लिहिता, फक्त इयत्ता. फेब्रुवारीत तोच प्रश्न पुन्हा. साखळीत किती माणसं आली ते दोन्ही वेळा मोजा. जूनमध्ये बहुतेक 'दुकानदार' इथंच थांबतात. कापूस वेचणारी बाई, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, शिवणारा कारागीर किती कागदांवर आले, ते फेब्रुवारीत बघा.