प्राणी बघायला यलोस्टोनला निघालात? आरव्ही घेऊ नका

पायवाट_डेन्व्हर

उन्हाळा जवळ आला की आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एकच बोलणं: भारतातून आई-बाबा येणार, अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान दाखवायचं, तर आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची, बाथरूमची सोय असलेली मोठी गाडी) कुठून घ्यायची? गेल्या जूनमध्ये आम्हीही घेतली. तीस फुटी, क्लास सी प्रकारची, सहा माणसं, आठ दिवस. नातवंडं आजी-आजोबांना बिलगून झोपली, रोज रात्री गरम वरण-भात मिळाला, आणि त्यासाठी कुणी आरव्ही घेत असेल तर खुशाल घ्यावी. पण प्राणी बघायला जाणार असाल तर घेऊ नका, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे.

तिथे लांडगे आणि अस्वलं दिसायची वेळ म्हणजे पहाट नाहीतर तिन्हीसांज. लांडग्यांसाठी लोक जातात ईशान्येच्या लामार खोऱ्यात. आमची जागा होती पश्चिमेला, मॅडिसन कॅम्पग्राउंडवर, म्हणजे लामारपासून दोन तासांहून लांब. कारने आलेला माणूस चारला उठून एकटा निघू शकतो. आरव्हीत तुम्हाला अख्खं घर उठवावं लागतं. भांडी कपाटात, स्लाइडआउट (बाहेर सरकवलेला खोलीचा भाग) आत, बाबांना झोपेतून उठवून सीटला पट्टा. आमच्या भाड्याच्या गाडीच्या फ्रीजची कडी सैल होती. वळणावर दार उघडलं आणि दह्याचं पातेलं खाली. अस्वलांच्या मुलखात वास ठेवून चालत नाही, म्हणून तिथेच थांबून सगळं पुसून काढलं. लामारला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

तरीही नशीब होतं. एका पुलआउटवर (रस्त्याकडेच्या थांब्यावर) आठ-दहा जण स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची दुर्बीण) लावून उभे होते, म्हणजे नक्कीच काहीतरी होतं. पण जागा चार गाड्यांची, आणि चारही भरलेल्या. तीस फूट कुठे घुसवणार? पुढे जाऊन वळून येईपर्यंत लांडगे कड्याआड गेले होते. आई खिडकीतून विचारत राहिली, "गेले का रे?"

१९९५ आणि ९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, म्हणून आज ते तिथे दिसतात. ते दाखवायला आईला नाशिकहून आणलं होतं, आणि गाडी थांबवायला जागा नव्हती. हे मला अजून सलतं.

चंद्रपूरची_लेक

मला हे अजिबात पटलेलं नाही.

माझी आई ७१ वर्षांची. मधुमेह, आणि दोन्ही गुडघे दुखरे. आमच्याकडे ताडोबा घरचं अंगण, पण तिथे जिप्सीत बसलं की तीन-चार तास मनासारखं खाली उतरता येत नाही. त्या भीतीने आई आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायची. वाघ समोर असताना तिचं लक्ष पोटाकडे असायचं. हे तिने मला सांगितलं ते यलोस्टोनमध्ये, हेडन खोऱ्यात, आरव्हीच्या सोफ्यावर बसून. चार पावलांवर बाथरूम, अंगावर शाल, हातात बिनसाखरेचा चहा. जूनमध्येही तिथे पहाटे पारा शून्याजवळ असतो. बाहेर बायसनचा, म्हणजे तिथल्या रानगव्यांचा, कळप, त्यात तांबूस रंगाची पिल्लं. अडीच तास आम्ही जागचे हललो नाही. आई आयुष्यात पहिल्यांदा जंगलात पोटभर पाणी प्यायली.

तुमची चूक गाडीत नव्हती, मुक्कामाच्या जागेत होती. आम्ही फिशिंग ब्रिजला होतो. पार्कच्या आत वीज, पाणी आणि सांडपाणी अशी तिन्ही जोडणी देणारी ती एकच जागा आहे, आणि तिथून हेडन खोरं अगदी जवळ. ग्रिझ्ली अस्वलांचा वावर इतका की तंबूंना तिथे परवानगीच नाही, कडक भिंतींची गाडी लागते.

रानातला_मुक्काम

मी तंबूवाला, तेव्हा माझं झुकतं माप कळेलच. लामारजवळच्या स्लाउ क्रीकला जाऊन बघा. जागा मोजक्या, मोठी आरव्ही मावत नाही, जनरेटरला मनाई. रात्री तंबूत पडल्या पडल्या लांडग्यांचं ओरडणं ऐकलं आहे मी. आधी एक, मग दुसरा, मग सगळी टोळी. अंगावरचा काटा सकाळपर्यंत बसला नव्हता. मोठ्या कॅम्पग्राउंडांवर सकाळी ८ ते रात्री ८ जनरेटर चालवायला मुभा आहे. त्या घरघरीत बसून नेमकं काय ऐकणार? काचेमागून बघितलेलं जनावर आणि त्याच्याच हवेत उभं राहून बघितलेलं जनावर, दोन्ही सारखी नाहीत.

चंद्रपूरची_लेक

दादा, त्या हवेत उभं राहायला पाय लागतात. माझ्या आईचे नाहीत.

सातपुडा७७

रानातला_मुक्काम यांच्या शेवटच्या वाक्यावर माझं दुसरं टोक आहे. यलोस्टोनमध्ये बायसनने जितक्या माणसांना जखमी केलं आहे तितकं दुसऱ्या कुठल्याही प्राण्याने केलेलं नाही. दिसायला सुस्त, पण नर ९०० किलोपर्यंत भरतो आणि ताशी ५५ किलोमीटरने पळतो. नियम साधा आहे: अस्वल, लांडगा आणि पुमा यांच्यापासून १०० यार्ड, बाकीच्यांपासून २५. तो मोडतात ते गाडीतून उतरलेलेच. २०२३ च्या मे महिन्यात लामारमध्येच एका माणसाने नदीकाठी अडकलेलं बायसनचं पिल्लू हाताने ढकलून वर काढलं. कळपाने ते परत घेतलं नाही. ते रस्त्यावर गाड्यांच्या मागे मागे फिरू लागलं, शेवटी पार्कच्या लोकांना त्याला मारावं लागलं. त्या माणसाचा हेतू चांगलाच असणार, आणि म्हणूनच मला ती गोष्ट जास्त लागते. गाडीत बसून राहिलेला माणूस प्राण्याला त्यातल्या त्यात कमी त्रास देतो. ती गाडी आरव्ही असली तर बसून राहणं सोपं जातं.

पायवाट_डेन्व्हर

बसलेला माणूस त्रास देत नाही हे मान्य. पण चालती गाडी देते. यलोस्टोनच्या दक्षिणेच्या ग्रँड टेटन पार्कची ती प्रसिद्ध ग्रिझ्ली, ३९९ क्रमांकाची, पिल्लांना घेऊन रस्त्याकाठी यायची म्हणून जगभर ओळखली गेली. २०२० मध्ये तिच्यामागे चार पिल्लं होती. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, २८ व्या वर्षी, जॅक्सन गावाच्या दक्षिणेला हमरस्त्यावर रात्री गाडीखाली गेली. तीस फुटी धूड थांबायला किती अंतर घेतं ते मी चालवताना अनुभवलं आहे. तिन्हीसांजेला त्या रस्त्यांवर माझे हात घामाने ओले असायचे.

सातपुडा७७

३९९ ला धडकली ती साधी कार होती, आणि वेग जास्त असल्याचंही तपासात निघालं नाही. तिच्या नावाने आरव्हीला दोष देणं बरोबर नाही. अंधार पडला की गाडी कुठलीही असो, चालवूच नये.

पायवाट_डेन्व्हर

बरोबर आहे तुमचं. तो दाखला मी मागे घेतो.

मुक्काम_गार्डिनर

आम्ही मधला रस्ता काढला. आरव्ही उत्तर दरवाज्याबाहेर गार्डिनरला पाच दिवस उभी, फिरायला छोटी भाड्याची कार. लामारकडे जाणारा हा एकच रस्ता वर्षभर गाड्यांसाठी खुला असतो, म्हणून मे महिन्यातल्या बर्फातही आमचं अडलं नाही. आरव्ही गॅलनला आठ-दहा मैल देते, तेव्हा तिला रोज न हलवल्याने इंधनाचे पैसेही वाचले. पहाटे ज्याला यायचं तो कारमध्ये, बाकीचे झोपलेले. कुठल्याही पुलआउटमध्ये गाडी मावते. आणि स्कोपवाली मंडळी फार मोकळी असतात. आपल्याकडे नसला तरी बोलावून आपला स्कोप दाखवतात.

पायवाट_डेन्व्हर

हेच करायला हवं होतं. माझ्या आईला लांडगा दिसला असता.

चंद्रपूरची_लेक

तुमच्या आईंना दिसला असता, खरंय. माझी आई मात्र त्या छोट्या कारमध्ये पुन्हा पाणी पिणं बंद करून बसली असती. शिवाय दोन गाड्यांचं भाडं. लांडगा बघायचाच असेल तर कार घ्या, मी नाही म्हणत नाही. आम्हाला आठ दिवसांत एकही लांडगा दिसला नाही आणि आईने त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. तिला बायसनची आई पिल्लाला चाटताना दिसली. चंद्रपूरला शेजारणींना ती तेवढंच सांगते. "प्राणी बघणं" म्हणजे यादीतलं मोठं जनावर टिपणं असं धरलंत तर तुमचं शीर्षक बरोबर आहे. मी तसं धरत नाही.

पायवाट_डेन्व्हर

शीर्षक ठेवतो, कारण बरेच जण लांडगे आणि अस्वलं डोळ्यांसमोर ठेवूनच जातात आणि माझ्यासारखे हात हलवत परत येतात. पण ज्यांच्या घरी पाणी बंद करून बसणारी आई आहे त्यांनी माझं ऐकू नये, हे इथे लिहून ठेवतो. या जूनमध्ये सासूबाई येणार आहेत, त्यांनाही गुडघ्यांचा त्रास आहे. हेडनला सकाळी नेमकं कुठे थांबलात ते सांगाल का?

चंद्रपूरची_लेक

फिशिंग ब्रिजहून कॅन्यनकडे, म्हणजे उत्तरेला निघा. नदी उजव्या हाताला राहते, त्यामुळे नदीकडच्या लांब पुलआउटमध्ये शिरताना समोरची वाहतूक आडवी जात नाही. सहाच्या आत पोचा, तेव्हा मोठ्या गाडीलाही जागा मिळते. इंजिन बंद करा, हीटर मात्र आधीच लावून गाडी गरम करून घ्या. आणि सासूबाईंना नदीकडच्या खिडकीशी बसवा.