वायर-आर्क ३डी प्रिंटिंग: भिंत उंच गेली की थर पसरतात, उपाय हवा

मंडळी, मदत हवी आहे.

वेल्डिंगच्या तारेने थरावर थर चढवून स्टेनलेसची पातळ भिंत उभारतोय. सहा अक्षांचा रोबोट, सीएमटी (कमी उष्णतेत तार वितळवणारा) वेल्डिंग पॉवर सोर्स, १.२ मिमीची ३१६एलएसआय (स्टेनलेसचा एक प्रकार) तार, आर्कभोवती आर्गॉनमध्ये २.५ टक्के कार्बन डायऑक्साइड. एका थरात एकच बीड, म्हणजे वेल्डची एकच पट्टी. कल्पना तशी जुनीच, बेकर नावाच्या संशोधकाने पेटंटसाठी अर्ज केला तो १९२० साली! आणि २०२१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला असाच छापलेला स्टेनलेसचा पूल खुला झाला. म्हणजे जमणाऱ्यांना जमतंय.

माझे खालचे थर झकास येतात. वर गेलं की बीड पसरतो, थराची उंची घटते. रोबोट मात्र ठरल्या मापानेच वर सरकतो, त्यामुळे वेल्डिंग टॉर्च लांब पडतो, स्टिकआउट (टॉर्चबाहेर आलेली तारेची लांबी) वाढतो आणि आर्क (तार वितळवणारी विजेची ज्योत) भरकटतो.

कारण उघड आहे. सुरुवातीला बेस प्लेट चहूबाजूंनी उष्णता ओढून घेते, वर मात्र अरुंद भिंतीतून खाली एवढीच वाट उरते. त्यात हे स्टेनलेस, साध्या स्टीलच्या साधारण एक तृतीयांश उष्णता वाहून नेणारं. दर थरानंतर इंटरपास (पुढचा थर चढवण्याआधीचं तापमान) १५० अंशांवर येईपर्यंत थांबलो तर भिंत सरळ येते, पण निम्म्याहून जास्त वेळ नुसता बघत बसण्यात जातो. मग या पद्धतीचा वेग काय चाटायचा?

थांबणं कमी करून वायर फीड (तार सोडण्याचा वेग) थराथराने उतरवावा का? आणि तापमान नेमकं कुठे मोजता? पायरोमीटरवर (न टेकवता लांबून तापमान मोजणाऱ्या यंत्रावर) माझा भरवसा नाही, ऑक्साइडचा रंग बदलला की आकडाही बदलतो.

प्रतिसाद:
ठरावीक सेकंद थांबू नका, तापमान बघून पुढचा थर सुरू करा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) टेकवून वरच्या थराच्या मध्यावर मोजा, जागा दरवेळी तीच ठेवा. पायरोमीटर त्याच्याशी ताडून लावता येतो. वायर फीड उतरवा, पण तळाचे थर सोडून. तिथे उष्णता लागतेच, नाहीतर बीड प्लेटला नीट धरत नाही. आणि दोन भिंती शेजारी घ्या. एक निवते तोवर दुसरीवर थर चढतो, रोबोट रिकामा राहत नाही.

दर थराला दिशा उलटवताय ना? एकाच दिशेने गेलात तर सुरुवातीचं टोक फुगतं आणि शेवटचं बसतं.