अनुभव धागा : पाणी, धूळ आणि आपटाआपटी सोसणारा मोबाईल

धागा काढणारी, धनकवडी

माझा धाकटा भाऊ पुण्यात सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुतो. धनकवडी, बिबवेवाडी, कोंढवा हा त्याचा पट्टा. गेल्या दोन वर्षांत त्याचे तीन मोबाईल गेले. पहिला टाकीत वाकताना शर्टाच्या खिशातून सरळ पाण्यात. दुसरा पाण्यात पडलाच नाही, शिडीला अडकवला होता आणि टाकी धुण्याच्या जेटचा जोरदार फवारा त्यावर बसला. तिसरा 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतला होता. दुकानदाराने ग्लासात बुडवून दाखवला होता. तो आठ महिने चालला आणि एका सकाळी चार्जिंगला लावल्यावर तापून बंद पडला. सर्व्हिस सेंटरमध्ये सिमच्या खाचेत टॉर्चचा उजेड टाकला. आतली पांढरी खूण लाल झाली होती. पाणी शिरलंय, वॉरंटीत बसत नाही, म्हणाले.

त्याचं सगळं काम फोनवर चालतं. टाकीचे आधीचे आणि नंतरचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. फोन दोन दिवस बंद राहिला की दोन-तीन कामं दुसरीकडे जातात. आता २५ हजारांपर्यंत जमवलेत आणि ते वाया जाऊ द्यायचे नाहीत.

नुसती मॉडेलची नावं नकोत. तुमचं काम काय, फोन कशाने गेला किंवा कशामुळे टिकला, दुरुस्ती कुठे झाली, हे सविस्तर लिहा.

वारजे, जेवण पोहोचवण्याचं काम

ताई, पावसात फोन बिघडणं ही पुढची पायरी. त्याआधी तो वापरताच येत नाही. स्क्रीनवर थेंब पडले की ते बोटासारखे लागतात. नकाशा आपोआप सरकतो, भलतीच बटणं दाबली जातात. कर्वे रोडच्या सिग्नलला उभं राहून मी ऑर्डर घेण्याऐवजी नाकारली आहे, तेही दोनदा. खिशात एक सुती रुमाल फक्त स्क्रीन पुसायला ठेवतो.

प्लास्टिकच्या पाऊचवर भरवसा ठेवू नका. आत वाफ धरते, फोन तापतो आणि उन्हाळ्यात तर उजेड आपोआप कमी होऊन पत्ता दिसेनासा होतो.

माझा मोठा तोटा वेगळ्याच गोष्टीने झाला. फोन वर्षभर गाडीच्या हँडलला लावलेला होता. बाहेरून एक ओरखडा नाही, पण कॅमेरा फोकसच धरेना. फोटो हलल्यासारखे यायचे. नंतर कळलं की काही कॅमेऱ्यांत हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग बारीक हलतं ठेवलेलं असतं, आणि इंजिनाच्या सततच्या थरथरीने ते बिघडू शकतं. ॲपलने २०२१ मध्ये मोटारसायकलवाल्यांना हा इशारा दिला होता. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा, पण दुखणं तेच. आता रबरी गादी असलेला होल्डर लावला आहे.

आणि चार्जिंगची पिन. पोर्ट ओलं असलं की बऱ्याच फोनवर थेंबाचं चिन्ह येतं आणि चार्जिंग थांबतं. तेव्हा घाई करून पुन्हा पुन्हा पिन खुपसायची नाही. मी पावसाळ्यात घरातून १०० टक्के करूनच निघतो.

कात्रज

२००३ सालच्या नोकिया ११०० ला धूळ रोखणारा कीपॅड, न निसटणाऱ्या कडा आणि टॉर्च होती, तीही साध्या माणसाला परवडेल अशा किमतीत. माझे वडील रिक्षात तोच वापरायचे. भावाला कॉलसाठी साधा बटणांचा फोन वेगळा घेऊन द्या, स्मार्टफोनवरचा निम्मा ताण जाईल.

बुधवार पेठ, मोबाईल दुरुस्ती

ताई, तपकीर गल्लीजवळ १५ वर्षं मोबाईल उघडतो आहे. भावाचा दुसरा आणि तिसरा फोन का गेला हे वाचूनच लक्षात आलं, म्हणून जरा लांबण लावतो.

बॉक्सवर 'आयपी' आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, त्यात ६ सगळ्यात वरचा. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते आणि बारीक अक्षरात लिहिते. ते वाचायचंच. आता खरी मेख. ७ आणि ८ या बुडवण्याच्या चाचण्या आहेत, तेही साध्या, स्वच्छ, स्थिर पाण्यात. फवाऱ्याची चाचणी वेगळी असते. ८ आकडा आहे म्हणून फोन जेट सोसेल असं अजिबात नाही. जोरदार गरम फवाऱ्यासाठी ९ हा आकडा आहे : ८० अंशांचं पाणी, ८० ते १०० बारचा दाब, अगदी जवळून, चार कोनांतून, प्रत्येकी ३० सेकंद. पण नुसत्या ९ वरून तो बुडवल्यावर टिकेल असंही समजायचं नाही. तुमच्या भावाच्या कामाला ६८ आणि ६९ (म्हणजे धुळीचा ६, पाण्याचे ८ आणि ९) दोन्ही लिहिलेला फोन लागेल. २०२४ मध्ये ओप्पो एफ२७ प्रो प्लस तसा आला, २०२५ मध्ये मोटोरोला एज ६० फ्युजन. हा दुसरा तुमच्या बजेटात बसण्यासारखा आहे.

एवढं असूनही मी गिऱ्हाइकासमोर 'वॉटरप्रूफ' शब्द तोंडातून काढत नाही. कारण आत काय असतं ते रोज बघतो. पाठ आणि फ्रेम यांच्यामध्ये एक बारीक चिकट पट्टी. सिम ट्रेला दोऱ्याएवढं रबर. स्पीकरवर हवा जाऊ देणारी आणि पाणी अडवणारी जाळी. बस्स, एवढ्यावर सगळं आहे. फोन दोनदा कोपऱ्यावर आपटला की फ्रेम किंचित वाकते आणि पट्टी एका ठिकाणी सुटते, ते डोळ्यांना दिसतही नाही. बॅटरी फुगायला लागली की ती आतून पाठ उचलते. तिसऱ्या फोनचं असंच काहीतरी झालं असणार. पाणी एकदम शिरलं नसेल, रोज थोडा ओलावा गेला असेल. त्यात भाऊ ब्लीचिंग पावडर वापरत असेल. चाचणी साध्या पाण्याची असते, ब्लीचिंगच्या किंवा साबणाच्या नाही.

फोन एकदा उघडला की जुनी पट्टी गेली. बाहेर बऱ्याच ठिकाणी ट्यूबमधला गोंद लावून पाठ बसवतात. फोन छान दिसतो, पण आता तो पाण्यात न्यायचा नाही. मी बिलावर तसं लिहून देतो. पट्टी नवीन बसवणार का, हे दुरुस्तीला देण्याआधी विचारा.

आणि पाण्यात पडलाच तर. ओला फोन चालू असला की आत वीज खेळते आणि त्याच जागी धातू झिजून हिरवट पांढरा क्षार धरतो. म्हणून पहिलं काम बंद करणं. चालू होतो का ते बघू नका, चार्जर तर लावूच नका. सिम ट्रे काढा, पोर्टची बाजू खाली करून हलकेच झटका, पंख्यासमोर ठेवा. हेअर ड्रायरने तीच चिकट पट्टी मऊ पडते. तांदळाच्या डब्यात पुरलेले फोन माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात आणि पोर्टमधून मी तांदळाची भुकटी चिमट्याने काढतो. तोवर आत क्षार पसरलेला असतो. त्याच दिवशी आणलात तर बोर्ड धुऊन वाचण्याची आशा बरी असते. चार दिवसांनी आणलेला क्वचितच वाचतो.

चाकण एमआयडीसी, फॅब्रिकेशन

आमच्याकडं पाणी नाही, लोखंडाचा कीस आहे. स्पीकरमध्ये चुंबक असतंय, त्यामुळं ग्राइंडिंगचा कीस बरोबर तिथंच जाऊन चिकटतो. सहा महिन्यांत समोरच्याचा आवाज घोगरा येतो, मग येतच नाही. टाचणीनं काढायला गेलो आणि जाळीच फाटली, तेव्हापासून टाचणी बंद. सेलोटेपचा तुकडा जाळीवर दाबायचा आणि उचलायचा, कीस टेपला येतो. रोज सुट्टी झाल्यावर करतो.

ठिणग्यांनी कॅमेऱ्याच्या काचेवर बारीक खड्डे पडतात. त्यावर कुठला आकडा नाही, झाकणवालं कव्हर घ्यावं.

बॉक्सवर 'मिलिटरी ग्रेड' बघून भुलू नका. आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी समजावलं होतं. एमआयएल-एसटीडी-८१०एच हे अमेरिकन लष्कराच्या चाचण्यांचं पुस्तक आहे. त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनी निवडते, लष्कर काही शिक्का मारून देत नाही. फोन टाकायची चाचणी सव्वा मीटरच्या जवळपास उंचीवरून २६ वेळा : ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. ते २६ वार पाच नगांत वाटून घेतले तरी चालतात. म्हणजे एकाच फोननं सगळे सोसले असंच नाही. तरी मी तसलाच वापरतो, कारण निदान कोपरे जाड असतात. माझा मेझनाइनवरून, म्हणजे शेडमधल्या पोटमाळ्यावरून, दोनदा पडला, चालू आहे.

सिंहगड रोड

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत शिरलं, तेव्हा आम्ही शेजारच्या आजींना खाली उतरवत होतो. माझा ६८ वाला फोन गुडघाभर पाण्यात पडला. मिनिटभरात हाताला लागला आणि चालू होता. त्याच्या टॉर्चवर आम्ही आणखी दोन घरं रिकामी केली, त्याबद्दल मी त्या फोनची कायम ऋणी राहीन.

पण ते नदीचं पाणी होतं, त्यात गाळ. नळाच्या हलक्या धारेखाली फोन धुवायला हवा होता, तो मी नुसता पुसून ठेवला. गाळ स्पीकरच्या जाळीत वाळला आणि आवाज कायमचा गेला. गढूळ, खारट किंवा साबणाच्या पाण्यात पडला तर बंद करून साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरायचा, मग वाळवायचा. अर्थात पाण्याचा आकडा असलेला, कधी न उघडलेला फोन असेल तरच.

सदाशिव पेठ, ढोल-ताशा पथक

पथकात पाऊस, घाम आणि गुलाल तिन्ही एकदम असतात. धुळीची चाचणी टाल्कम पावडरने करतात, त्यामुळे ६ आकडा असलेल्या फोनच्या आत गुलाल गेलेला मी पाहिला नाही. पोर्टमध्ये मात्र बसतो, आणि घामाने ओला झालेला गुलाल तिथे गारगोटीसारखा घट्ट होतो. लक्ष्मी रोडवरून परतल्यावर चार्जर आधी लावायचा नाही, मऊ कोरडा ब्रश फिरवायचा. रबरी बूच मिळतात, पाच मिनिटांचं काम आणि पोर्ट वाचतं.

नर्स, शिवाजीनगर

ड्युटीवर मी फोन दिवसातून दहा वेळा सॅनिटायझरने पुसायची. थेट फवारून. वर्षात काचेवरचा गुळगुळीत थर गेला, बोट अडखळायला लागलं, ठसे पुसले जाईनात. आता ७० टक्के अल्कोहोलचा वाइप घेऊन हलकेच पुसते, पोर्ट आणि जाळ्यांना लावत नाही. रबरी हातमोज्यांत स्क्रीन चालते का हेही घेताना तपासावं. भावाच्या हातात मोजे असतीलच.

पौड रोड, सह्याद्रीत भटकणारा

मी खास रगेड, म्हणजे दणकट, म्हणून परदेशी कंपनीचा, १० हजार एमएएचच्या मोठ्या बॅटरीचा फोन मागवला. वजन अर्धा किलोच्या आसपास. राजगडावर संजीवनी माचीच्या दगडांवरून घरंगळला आणि ओरखड्यापलीकडे काही झालं नाही. ताम्हिणीत दिवसभर पावसात बाहेर राहिला. टिकण्यात तो अव्वल होता. पण दीड वर्षाने डिस्प्ले गेला आणि तो पुण्यात मिळेना. मुंबईत मिळेना. तीन महिने वाट पाहिली. उत्तम चालणारी बॅटरी आणि बोर्ड कपाटात पडून आहे, अजून वाईट वाटतं.

कामासाठी घेत असाल तर डिस्प्ले आणि बॅटरी इथे मिळते का, हे विकत घेण्याआधी दोन दुकानांत फोन करून विचारा. इथे सर्व्हिस असलेल्यांत सॅमसंगचा एक्सकव्हर ७ बघा, भारतात २०२४ मध्ये आला. पाठ उघडून बॅटरी बदलता येते आणि तरी ६८ आहे. पाठ नीट दाबून बसवायची मात्र खबरदारी घ्यावी लागते, कडेला डोक्याचा एक केस अडकला तरी पाणी वाट काढतं. आणखी एक : कॅमेऱ्याच्या काचेआड धुकं दिसलं तर आत ओलावा गेलेला आहे, त्या दिवसापासून फोन पाण्यापासून लांब ठेवा.

धागा काढणारी, धनकवडी

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं. शिडीला अडकवलेला फोन फवाऱ्याने का गेला हे कळल्यावर तो बराच वेळ गप्प होता. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपलीच काहीतरी चूक झाली.

रविवारी दोघं बुधवार पेठेत गेलो. आधी डिस्प्लेची किंमत आणि किती दिवसांत मिळतो ते दोन ठिकाणी विचारलं, मगच ६८ आणि ६९ दोन्ही असलेला फोन घेतला. वर रबरी कोपऱ्यांचं कव्हर, पोर्टला बूच, आणि कॉलसाठी बटणांचा साधा फोन. नियम त्यानेच ठरवलाय. ब्लीचिंगचं पाणी टाकीत असेपर्यंत आणि जेट चालू असताना मोठा फोन वर झाकणापाशी, मदतनीसाच्या गळ्यात. काम संपलं की साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून मग पिशवीत. रात्री पोर्ट पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जर नाही.

आज सकाळी कोंढव्यातल्या टाकीतून त्याचा पहिला फोटो आला. तळाच्या फरशीचे सांधे मोजता येतील इतका स्वच्छ.