एलटीओ ड्राइव्ह : जुनी टेप वाचतो पण लिहीत नाही
एलटीओ-३ ची टेप (एलटीओ म्हणजे बॅकअप साठवायच्या टेपचा प्रकार, पुढचा आकडा त्याची पिढी) एलटीओ-५ ड्राइव्हमध्ये वाचली जाते पण बॅकअप लिहायला गेलं की एरर, असं म्हणताय ना, मग ड्राइव्ह बिघडलेला नाहीये हो, एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचतात पण लिहितात एकच पिढी मागचं, म्हणजे तुम्हाला ४ नाहीतर ५ चीच टेप लागणार. टेपवरची राइट प्रोटेक्टची (लिहिणं बंद करणारी) खिटी उगाच सरकवत बसू नका.

माझ्याकडे स्कझीवाला (स्कझी म्हणजे संगणकाला उपकरणं जोडायची जुनी पद्धत) एलटीओ-३ ड्राइव्ह होता, त्याच केबलवर जुनाट सिंगल-एंडेड (जुन्या, हळू स्कझीचा) स्कॅनर लावला तर अख्खी बस, म्हणजे केबलवरची सगळ्यांची सामायिक लाइन, सेकंदाला ४० एमबीच्या आत आली अन् डेटा पुरेना म्हणून टेप नुसती पुढे-मागे, खर्र खर्र... स्कॅनर काढल्यावरच ड्राइव्ह गप्प झाला.

आणि एलटीओ-८ घेत असाल तर थांबा, तो ७ आणि ८ सोडून काहीच वाचत नाही.