योहान १४:२८ : हा अर्थ वचनातून काढला की वचनावर लादला?

जिज्ञासू वाचक

योहान १०:३० मध्ये येशू म्हणतो, "मी आणि पिता एक आहोत." चार अध्यायांनंतर १४:२८ मध्ये तोच म्हणतो, "पिता माझ्यापेक्षा थोर आहे." भाष्य उघडलं की या दुसऱ्या वचनापाशी लगेच टीप येते : "हे त्याच्या मानवी स्वभावाबद्दल आहे." पण वचनात "मानवी स्वभाव" हे शब्द कुठेच नाहीत. सिद्धान्त (मंडळीची ठरलेली शिकवण) शास्त्रातून आला म्हणायचं आणि शास्त्र पुन्हा सिद्धान्ताच्या चष्म्यातून वाचायचं, म्हणजे गोल गोल फिरणंच झालं ना? प्रत्यक्ष वाचताना सिद्धान्त नेमका कधी हातात घ्यायचा?

शब्दवेध

शंका रास्त आहे, कारण "मानवी स्वभावाबद्दल" हे उत्तर सिद्धान्तानं सक्तीचं केलेलंच नाही. चौथ्या शतकात आरियसच्या बाजूचे लोक याच वचनावर बोट ठेवत : पिता थोर, म्हणजे पुत्र खालचा, निर्माण केलेला. त्यांना उत्तर देणाऱ्यांनी मात्र एकच अर्थ सांगितला नाही. आलेक्सांद्रियाचा बिशप अथनेशियस याच्या मते "थोर" हा शब्द पिता-पुत्र या नात्यातून येतो. पुत्र पित्यापासून आहे म्हणून. त्याच शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपंडितानंही तेच धरलं : मूळ या नात्यानं पिता थोर, स्वभावानं दोघं समान. मानवी स्वभावाचा अर्थ त्याला ठाऊक होता आणि तो खरा आहे हेही मान्य होतं. पण देव माणसापेक्षा थोर असणार यात नवल ते काय, असं त्याचं म्हणणं. लॅटिन लेखक ऑगस्टीननं मात्र फिलिप्पैकरांस २:६-७ हाताशी घेऊन "दासाचं स्वरूप", म्हणजे ख्रिस्तानं घेतलेला मानवी स्वभाव, हा अर्थ लावला.

ही दोन्ही वाचनं नायसियाच्या परिषदेच्या (इ.स. ३२५) मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या अधिकृत कबुलीत, बसतात. पुत्र निर्माण झालेला आहे, हे तिसरं वाचन बसत नाही. एक दार बंद, दोन उघडी. उघड्या दोनांतून कुठल्या दारानं जायचं ते संदर्भ ठरवतो, आणि इथे संदर्भ चांगला बोलका आहे. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हे सुटं विधान नाही, त्याच्यामागे "कारण" आहे : तुमची माझ्यावर प्रीती असती तर मी पित्याकडे जातो म्हणून तुम्हाला आनंद झाला असता, *कारण* पिता थोर आहे. त्याच्या जाण्यानं शिष्यांना आनंद का व्हावा? १७:५ पाहा. जग होण्यापूर्वी जे गौरव त्याचं पित्याजवळ होतं, तेच तो तिथे मागतो. दीनावस्थेतून गौरवाकडे जाणं चाललं आहे, म्हणून माझा कल ऑगस्टीनकडे. ग्रेगरीचं वाचन कुणी घेतलं तर त्याला चूक म्हणणार नाही. तुमच्या भाष्यातली टीप अर्थ म्हणून बरोबर आहे. फक्त "कारण" न दाखवता निकाल सांगितल्यामुळे ती लादल्यासारखी वाटते.

गोल फिरण्याबद्दल. आयरेनियस या बिशपनं साधारण इ.स. १८० च्या सुमारास एक उपमा दिली. कारागिरानं मौल्यवान खडे जडवून राजाचं चित्र केलं आहे. कुणीतरी ते मोडतो, तेच खडे वेगळे मांडून कोल्हा किंवा कुत्रा करतो आणि सांगतो, हेच राजाचं चित्र. खडे सगळे खरे, मांडणी खोटी. ज्यानं बाप्तिस्म्याच्या वेळी "विश्वासाचा नियम" स्वीकारला आहे (एक निर्माता पिता, देहधारी झालेला एक येशू ख्रिस्त, पवित्र आत्मा) तो खडे ओळखतो, पण कोल्ह्याला राजा म्हणत नाही. सिद्धान्त हा वरून आणून बसवलेला जादा खडा नसून मांडणीची ओळख आहे. शिवाय हा सारांश पुस्तकं पूर्ण झाल्यावर कुणी तयार केला असंही नाही. १ करिंथकरांस १५:३-४ मध्ये पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सोपवून दिलं. म्हणजे तो सारांश पत्रापेक्षा जुना आहे.

समासातली टीप

"कधी हातात घ्यायचा" याचं उत्तर ऑगस्टीननं विरामचिन्हांच्या निमित्तानं दिलं आहे. जुन्या हस्तलिखितांत विरामचिन्हं जवळजवळ नसतच, वाचणाऱ्यानं ती ठरवायची. योहान १:१ चा मूळ शब्दक्रम असा : "…आणि देव होता शब्द." काही जण "होता" नंतर थांबत आणि "शब्द" पुढच्या वाक्याला जोडत : "आणि देव होता. हा शब्द प्रारंभी देवासह होता." एका विरामानं "शब्द देव होता" ही कबुली नाहीशी! इथे विश्वासाचा नियम निकाल देतो.

मग ऑगस्टीन फिलिप्पैकरांस १:२३ घेतो. पौलाला दोन गोष्टींची (मरून ख्रिस्ताजवळ जाणं आणि इथे जगत राहणं) इच्छा आहे, की दोन गोष्टींमध्ये त्याची ओढाताण होते आहे आणि इच्छा एकीचीच आहे? विश्वासाला दोन्हींनी धक्का लागत नाही, म्हणून निकाल पुढच्या शब्दांनी : ख्रिस्ताजवळ जाणं "अधिक चांगलं" असं तो म्हणतो, तेव्हा इच्छा त्या एकीचीच. आणि नियम व संदर्भ दोन्ही गप्प असले तर वाचणाऱ्याला मोकळीक.

सरावासाठी एक गोष्ट कराच. आधी पूर्ण अध्याय वाचा. मग वचनाचा अर्थ दोन ओळींत लिहा, "स्वभाव", "त्रैक्य" (पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे एकच देव) असे शब्द न वापरता. सिद्धान्त त्यानंतर उघडा. क्रम उलटला तर काय होतं ते मार्क १३:३२ वर दिसतं. "तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही" हे वाक्य नीट ऐकायच्या आधीच माणूस म्हणतो, "ठाऊक होता, सांगितलं नाही एवढंच." वाक्यच पुसलं गेलं. खरं तर खाल्सेदोनच्या परिषदेनं (इ.स. ४५१) ख्रिस्ताचे दोन स्वभाव (दैवी व मानवी) "मिसळण न होता, फारकत न होता" असं म्हटलं, त्यामुळेच ते वाक्य जसंच्या तसं राहू देता येतं : मनुष्य म्हणून त्याचं न जाणणंही खरंखुरं. खाल्सेदोननं न जाणण्याचा उलगडा केलेला नाही, फक्त प्रत्येक स्वभावाचे गुणधर्म कायम राहतात एवढं म्हटलं.

पाठभेद

वर आलं नाही म्हणून एवढंच जोडतो : सिद्धान्त अर्थाला मदत करतो, संहिता (शास्त्राचा मूळ मजकूर) बदलायचा हक्क त्याला नाही. १ योहान ५:७ मध्ये स्वर्गातल्या तीन साक्षींचं जे वाक्य काही जुन्या भाषांतरांत दिसतं, ते सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरास्मसनं १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घातलं. त्रैक्याचा सिद्धान्त या वाक्यावर उभा नाही. चौथ्या शतकात नायसियाच्या बाजूनं लढणाऱ्या ग्रीक लेखकांनी ते पुरावा म्हणून वापरलेलं नाही. तेव्हा बायबलच्या वर्गात ते पुरावा म्हणून देऊ नका; ऐकणाऱ्याला पुढे पाठभेद (हस्तलिखितांतला मजकुराचा फरक) कळला की खऱ्या पुराव्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

जिज्ञासू वाचक

"कारण" माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं, आभार. पण जिथे दोन्ही बाजूंना शास्त्रच आहे तिथे? रोमकरांस ३:२८ म्हणतं, माणूस नीतिमान ठरतो तो कर्मांवाचून, विश्वासानं. याकोब २:२४ म्हणतं केवळ विश्वासानं नव्हे.

शब्दवेध

इथे सिद्धान्ताची सुरी करण्याचा मोह होतो. जर्मन सुधारक ल्यूथरनं आपल्या नव्या कराराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला "गवताचं पत्र" म्हटलं. भाषांतरातून मात्र काढलं नाही, शेवटच्या पुस्तकांत ठेवलं.

दोघेही अब्राहामाचं उदाहरण देतात, म्हणून उत्पत्तीचे अध्याय ओळीनं लावा. १५:६ मध्ये विश्वास नीतिमत्त्व असा गणला गेला. सुंता १७ मध्ये, इसहाकाचं अर्पण २२ मध्ये. पौल रोमकरांस ४:१० मध्ये विचारतो, हे गणलं गेलं केव्हा? सुंतेच्या आधी. त्याचा मुद्दा माणूस देवाच्या लोकांत कसा येतो हा. याकोब उत्पत्ती २२ वरून सुरुवात करतो आणि १५:६ तिथे "पूर्ण झालं" म्हणतो. विश्वास जिवंत आहे हे कशावरून, हा त्याचा मुद्दा. शब्दही सारखा नाही. याकोब २:१९ मधला विश्वास भुतांपाशीही आहे; पौलाचा गलतीकरांस ५:६ मध्ये प्रीतीच्या द्वारे कार्य करतो.

यापुढे मंडळ्यांची मतं वेगळी होतात. रोमन कॅथलिक वाचक १९६५ च्या "देई व्हेर्बुम" या आपल्या मंडळीच्या दस्तऐवजाप्रमाणे संपूर्ण शास्त्राची एकता, जिवंत परंपरा आणि विश्वासाची सुसंगती एकत्र धरतो. वेस्टमिन्स्टरच्या (प्रॉटेस्टंट) मतांगीकारावर चालणारा अवघड वचन स्पष्ट वचनांनी उलगडतो आणि शेवटचा निवाडा शास्त्रातून बोलणाऱ्या पवित्र आत्म्याकडे ठेवतो. वर्गात दोन्हीकडचे लोक असतील तर १५, १७, २२ हे तीन अध्याय आधी मोठ्यानं वाचून घ्या. "नीतिमान ठरणं" या शब्दावरची चर्चा त्यानंतर उघडा.